पाकीट एक लिटरचे, पाणी पेलाभर?

पावसाळा लागला की वस्तीत जुलाब-उलट्या सुरू होतात. आशाताई जलसंजीवनीचे पाकीट देऊन जाते आणि कितीतरी घरांत ते पेलाभर पाण्यात ओतून लेकराला पाजले जाते. औषध घट्ट असले की लवकर लागू पडते, ही समजूत! चहाचे ठीक आहे, इथे उलटे होते.

पावडर पेल्यातही विरघळते, म्हणून शंका येत नाही. पण पाणी पुष्कळ काही पोटात घेते. 100 मिलिलिटर पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मीठ मावते, त्यापुढचे तळाशी बसते. तेव्हा द्रावण संपृक्त झाले म्हणायचे. तोवर ते असंपृक्त. म्हणजे नुसते विरघळले म्हणून प्रमाण बरोबर असते असे नाही.

मोठ्या पाकिटात ग्लुकोज 13.5 ग्रॅम, मीठ 2.6 ग्रॅम, शिवाय थोडे पोटॅशियम क्लोराइड व सोडियम सायट्रेट असते. लिटरभर पाण्यात हे द्रावण रक्तापेक्षा किंचित पातळ राहते. ग्लुकोज आणि मिठातले सोडियम आतड्यातून जोडीने आत शिरतात, मागोमाग पाणी जाते. 200 मिलिलिटरच्या पेल्यात तेच पाचपट घट्ट होते. मग अंगातलेच पाणी आतड्यात ओढले जाते, जुलाब वाढतात आणि रक्तात मीठ चढते. तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकते.

1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे मरत होती, सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हाती दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले.

तेव्हा आधी पाकिटावर वाचा: एक लिटर की 200 मिलिलिटर. पाणी उकळून गार करा, मगच पावडर टाका. तुरटीने गाळ बसतो, कारण माती विरघळलेली नसते; जंतू मात्र त्याने मरत नाहीत. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. वरून आणखी साखर नको. उरलेले 24 तासांनी ओतून द्या.

दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. अंगावरचे दूध बंद करू नका, झिंकच्या गोळ्या 14 दिवस पुऱ्या करा. डोळे खोल गेले, मूल सुस्त पडले, पिईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर तडक दवाखाना गाठा. वाटेतही पाजत राहा.