धातुकाच, स्थूल

वितळलेल्या मिश्रधातूचे स्फटिकीभवन टाळून मिळविलेला, निदान सु. १ मिमी. जाडीचा अस्फटिकी घन पदार्थ. १९६० मध्ये अमेरिकेत पोल डूवेझ व त्यांचे सहकारी यांनी सोने-सिलिकॉन मिश्रधातूची पहिली धातुकाच बनविली. पण सेकंदाला सु. दहा लक्ष अंश इतके जलद शीतन आवश्यक असल्याने पातळ पापुद्रेच मिळत. १९९३ मध्ये झिर्कोनियम, टिटॅनियम, तांबे, निकेल व बेरिलियम यांच्या मिश्रधातूस सेकंदाला सु. १° से. शीतन पुरेसे ठरले.

ही काच सु. ३५०° से.ला मऊ होऊ लागते व सु. ४३०° से.ला स्फटिकरूप घेते. या दोहोंमधील टप्प्यात तिला साच्याने आकार देता येतो. अणूंचे थर स्फटिकातल्याप्रमाणे सहज घसरत नसल्याने ती सु. १.९ गिगॅपास्कल प्रतिबल सहन करते व सु. २% विकृतीनंतरही पूर्ववत होते. मर्यादा ओलांडताच मात्र विरूपण अरुंद कर्तनपट्ट्यांत एकवटते आणि ताणाखाली ती अचानक तुटते.

अंबरनाथ येथील नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेचा विषय असलेल्या सागरी सामग्रीच्या दृष्टीने कणसीमांचा अभाव हा गुण होय. तथापि क्लोराइडयुक्त पाण्यात झिर्कोनियमी काचांवर गंजाचे खड्डे पडू शकतात. म्हणून केवळ बळ पाहून तिची निवड करणे धोक्याचे ठरते.