माशाच्या रक्ताचा आणि सातपुड्यातल्या सिकलसेलचा संबंध काय?

जळगावच्या चोपडा, यावल, रावेर आणि धुळ्याच्या शिरपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल आणि पावरा वस्त्या आहेत. या समाजांमध्ये सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. हिमोग्लोबिनच्या एका जनुकातल्या बदलामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात.

यावरचा नवा उपचार समजून घ्यायचा, तर आधी जनुकांची ‘बटणं’ समजून घ्यावी लागतील.

ही बटणं म्हणजे काय?

शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत जनुकं सारखीच असतात. त्यातली कोणती चालू आणि कोणती बंद ठेवायची, हे काही खास प्रथिनं ठरवतात. त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. त्यांची कुटुंबंही असतात. माणसात ‘गाटा’ कुटुंबाचे सहा सदस्य आहेत. त्यापैकी गाटा-१ शिवाय तांबड्या पेशी नीट तयार होत नाहीत.

हे माशात कसं दिसलं?

झेब्राफिश हा आपल्या उपखंडातला छोटा, पट्टेदार मासा. त्याचा भ्रूण पारदर्शक असतो. साधारण २४ तासांत त्यात रक्त वाहू लागतं आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही या माशावर संशोधन होतं.

काही झेब्राफिशच्या भ्रूणांत हृदय धडधडत होतं, पण तांबड्या पेशी जवळपास नव्हत्याच. २००२ मध्ये कारण सापडलं : त्यांचं गाटा-१ जनुक बिघडलेलं होतं. माणसातही या जनुकातल्या बिघाडामुळे रक्तक्षय होतो.

मग सिकलसेलचं काय?

पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यावर सिकलसेलचा परिणाम होत नाही. जन्मानंतर बीसीएल-११ए नावाचं बटण ते बंद करतं. तांबड्या पेशींच्या जडणघडणीत हे बटण चालू ठेवायला गाटा-१ डीएनएवर एका जागी चिकटतो. ‘कॅसजेव्ही’ उपचारात रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढून नेमकी तीच जागा कापतात. मग बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली.

आपल्याकडे काय?

अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे. सातपुड्यातल्या पाड्यावर तो सध्या पोहोचणार नाही. पण हायड्रॉक्सियुरिया हे स्वस्त औषधही बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवतं. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचं.

जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा भर तपासणीवर आहे. आई आणि वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नाआधी रक्त तपासून घ्या.