पोटातला आजार डोक्यात
अंडाशयाचा कर्करोग सहसा पोटाबाहेर फारसा भटकत नाही. त्याच्या पेशी पोटातल्या द्रवाबरोबर वाहत जाऊन आतल्या पडद्यावर, यकृताच्या पृष्ठभागावर रुजतात. म्हणूनच उपचार संपून काही वर्षं झालेल्या बाईचं डोकं दुखू लागलं, तोल जाऊ लागला, की घरचे ‘पित्त असेल’ म्हणतात. अनेकदा कारण साधंच असतं. पण या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत एक-दोघींच्या एमआरआयमध्ये मेंदूत गाठ दिसते.

अशा गाठी दिसण्यात उपचारांच्या यशाचाही वाटा असावा: रुग्ण जास्त जगतात, त्यामुळे उशिरा वाढणाऱ्या गाठींना वेळ मिळतो. शिवाय मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची घट्ट भिंत केमोच्या बऱ्याच औषधांना आत शिरू देत नाही.

गाठ एकच आणि पोहोचता येईल अशा जागी असेल तर शस्त्रक्रिया. लहान, मोजक्या गाठींसाठी रेडिओसर्जरी. ही कल्पना स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये मांडली. त्यांच्या गॅमा नाइफ या यंत्रात कोबाल्टचे सुमारे २०० किरण एकाच बिंदूवर येऊन मिळतात. एकेक किरण दुबळा, म्हणून वाटेतला मेंदू बचावतो. नावात सुरी आहे, पण कवटी उघडावी लागत नाही. बीआरसीए जनुकात दोष असेल तर ओलापॅरिबसारख्या गोळ्यांचाही विचार होतो.