खांदा तपासताना नजर चेहऱ्यावर

कबड्डीत पकड करताना खांदा निखळतो, मैदानावरच कुणीतरी तो ओढून बसवतो, थोडे दिवस हात गळ्यात अडकवला की पोरगा पुन्हा खेळायला लागतो. पुढे तोच खांदा शर्ट काढतानाही सटकतो. मग अस्थिरोगतज्ज्ञाकडे येताना हातात एमआरआयचं पाकीट असतंच. पण ती फिल्म हात अंगालगत ठेवून काढलेली असते. हात वर गेल्यावर काय होतं, हे डॉक्टरांच्या हातांनाच शोधावं लागतं.

दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि वाटी उथळ. गोळ्याचा जेमतेम चौथा-तिसरा हिस्सा वाटीला टेकतो. बाकी मदार अस्थिबंधांवर, स्नायूंवर आणि वाटीच्या काठाला चिकटलेल्या कूर्चेच्या कडेवर, म्हणजे लॅब्रमवर. खांदा बहुधा पुढच्या बाजूला निखळतो आणि लॅब्रम पुढून सुटतं. ब्रिटिश सर्जन ब्लंडेल बँकार्ट यांनी 1923 मध्ये या इजेवर बोट ठेवलं. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

तिचा माग काढणारी मुख्य चाचणी म्हणजे ॲप्रिहेन्शन टेस्ट. रुग्णाला उताणं झोपवून हात बाजूला 90 अंशांत न्यायचा, कोपर दुमडायचं आणि चेंडू फेकताना जातो तसा हात सावकाश मागे वळवायचा. या वेळी नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर हवी. कपाळावर आठ्या पडतात, छातीचा स्नायू ताठरतो, ‘बस, आता निघेल!’ असं तो म्हणतो. ही भीतीच खूण आहे. नुसतं ‘दुखतंय’ म्हटल्याने अस्थिरता ठरत नाही. मग गोळा तळहाताने मागे दाबून धरला, की भीती ओसरते आणि हात आणखी वळतो. ही रिलोकेशन टेस्ट. दोन मिनिटांचं हे काम गर्दीच्या ओपीडीत राहून जातं, याची खरोखर चीड येते.

बसलेल्या रुग्णाचा सैल हात खाली ओढल्यावर खांद्याच्या टोकाखाली खळगा पडला, तर सांधा खालच्या दिशेनेही सैल आहे. दोन्ही खांद्यांत तसंच दिसलं, अंगठाही मनगटाकडे वाकवल्यावर कोपराखालच्या हाताला टेकला, तर सांधे मुळातच लवचिक. तिथे आधी व्यायाम, शस्त्रक्रियेची घाई नको.

नुकत्याच निखळलेल्या खांद्यावर मात्र या चाचण्या करायच्या नाहीत. आधी मनगटाची नाडी आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूची संवेदना पाहायची, कारण तिथली नस ताणली गेलेली असू शकते. एक्स-रे काढायचा, खांदा बसवल्यावर हे सगळं पुन्हा तपासायचं. चाळिशीपुढच्या माणसाला त्यानंतरही हात उचलता येत नसेल, तर स्नायूचा कंडरा फाटला आहे का, हे लगेच बघायला हवं.