ठाण्याच्या डायरीत न उतरलेलं गाव

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती या नक्षलवादी नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. चार दशकांहून अधिक काळ या जंगलाने जे भोगलं, ते पाहता हा दिवस फार मोठा होता. लाहेरीत ऑक्टोबर २००९ मध्ये १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळच्या सुरुंगस्फोटात १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. ज्या दलाने इतकी प्रेतं खांद्यावर वाहिली, त्याच्यावर लिहिताना हात जपूनच चालला पाहिजे. धैर्याची उणीव इथल्या पोलिसांत कधीच नव्हती. चुकला तो कामांचा क्रम, आणि त्याची किंमत गावाने मोजली, त्यातही अधिक बायांनी.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. १९९० मध्ये सी-६० हे कमांडो पथक उभं राहिलं. दुर्गम भागात पोलीस मदत केंद्रं आली, वाळूची पोती आणि काटेरी तारांच्या आड. अलीकडे वांगेतुरी, गर्देवाडा, पेनगुंडा, कवंडे अशा छत्तीसगडच्या सीमेलगतच्या गावांतही ती उभी राहिली. पण या केंद्राच्या फाटकाशी जायचं म्हणजे गावाच्या नजरेत यायचं. पोलिसांकडे गेलेल्या माणसाला ‘खबऱ्या’ ठरवून नक्षलवाद्यांनी किती जणांना मारलं, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक. १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाने नेमलेला पोलीस पाटील हा खरं तर गाव आणि ठाणं यांच्यामधला रोजचा दुवा. इथे कित्येक पोलीस पाटलांचे खून पडले. ‘गावात कोण येऊन गेलं?’ एवढंच पाटलाला विचारलं जाऊ लागलं, तेव्हा ‘गावात कोणाचं कोणाशी बिनसलंय?’ हे विचारणारं कोणी उरलं नाही.

मग गावची तक्रार काय असते? इथे बहुतेक वेळा ती दारूची असते. मोहफूल आणि गूळ पाण्यात भिजवून, नवसागर टाकून सडवा करतात. तो प्लास्टिकच्या ड्रममध्ये भरून नाल्याकाठी किंवा झुडपात पुरून ठेवतात. आंबला की भट्टी लागते. विकणाऱ्याचं घर साऱ्या गावाला माहीत असतं. बाई अर्ज करते तो या घराविरुद्ध, कारण तिचा नवरा रोज तिथून पिऊन येतो आणि तिला मारतो. पोलीस गावात येतात, ड्रम उकरतात, सडवा जमिनीवर ओततात, मुद्देमालाचा पंचनामा होतो. आठवड्याभरात नवा ड्रम पुरलेला असतो, आणि अर्ज कोणी केला हेही तोवर गावभर झालेलं असतं. बाई मात्र त्याच गल्लीत राहते.

अंमलदारांचा आळस हे यामागचं एकमेव कारण धरलं तर प्रश्न कळणार नाही. मूळ गुन्ह्यांच्या हिशेबात आहे. पोलिसांच्या नोंदींत दोन जातींचे गुन्हे येतात. एक, नागरिक येऊन सांगतो ते: मारहाण, चोरी, छेडछाड. दुसरे, पोलीस स्वतः जाऊन शोधतात ते: दारू, जुगार, सट्टा. पहिल्या जातीचा आकडा वाढला की ‘हद्दीत गुन्हेगारी वाढली’ म्हणून ठाणेदाराला उत्तर द्यावं लागतं. दुसऱ्या जातीचा वाढला की ‘कारवाया वाढल्या’ म्हणून शाबासकी मिळते. त्यामुळे माराची तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदवून, हातात एनसीची प्रत देऊन बाईला परत पाठवण्याकडे कल राहतो आणि ओतलेल्या सडव्याचे लिटर मोजले जातात. दखलपात्र गुन्हा कळला की प्रथम खबर नोंदवावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट सांगितलं. मासिक आढाव्यातला हिशेब मात्र त्या निकालाने बदलला नाही.

दारूबंदीचा इतिहास या नजरेने पुन्हा वाचावा असा आहे. गडचिरोलीतली बंदी १९९३ ची. ती गावोगावच्या दारूमुक्ती चळवळीतून, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेसह अनेकांनी लावलेल्या जोरातून आली. चंद्रपूरच्या बायांना आणखी दोन दशकं झगडावं लागलं. २०१० च्या डिसेंबरात श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामी यांच्यासोबत हजारो बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी लागू झाली. त्या दिवसापासून ठाण्यांचं बळ रस्त्यांवर लागलं. शेजारच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या गाड्या, नाकाबंदी, पेट्यांची जप्ती. नोव्हेंबर २०१८ मध्ये अशीच एक गाडी अडवताना नागभीडचे पोलीस उपनिरीक्षक छत्रपती चिडे यांना तस्करांनी गाडीखाली चिरडलं. त्यांचं मरण सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. पण पेट्या अडवण्यात दल गुंतलं असताना गल्लीतल्या विक्रेत्याच्या दारात रोज कोण उभं राहणार, हा प्रश्न तसाच राहिला. अवैध विक्री आणि गुन्हे वाढले असं कारण देत मंत्रिमंडळाने २७ मे २०२१ रोजी चंद्रपूरची बंदी उठवली. ज्या बायांनी अर्ज केले होते, त्यांच्या अर्जांचं काय झालं हे त्या निर्णयात विचारलंच गेलं नाही. बंदी फसली, असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की गल्लीच्या पातळीवर ती नेटाने राबवून पाहिलेलीच नव्हती.

कायद्यात साधनं नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. वारंवार विकणाऱ्याकडून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेण्याची तरतूद दारूबंदी अधिनियमाच्या कलम ९३ मध्ये आहे. हातभट्टीवाल्यांना स्थानबद्ध करण्याचा कायदा १९८१ पासून आहे. आणि अनुसूचित क्षेत्रांत १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी किंवा निर्बंध घालण्याचा अधिकार ग्रामसभेपर्यंत नेला. राज्याचे नियम २०१४ मध्ये आले. म्हणजे धानोरा किंवा एटापल्लीतल्या एखाद्या ग्रामसभेने विक्री बंद करण्याचा ठराव केला, तर त्यामागे संसदेचा कायदा उभा आहे. ठाण्यात तो ठराव साधा अर्ज म्हणून फायलीला लागतो. २०१६ पासून दारूविरोधी मुक्तिपथ अभियानातल्या गाव संघटनांनी जे केलं त्याचं मोल इथे कळतं: बाया एकजुटीने गेल्या, ड्रम स्वतः शोधले, नंतर पोलिसांना बोलावलं. पण विक्रेत्याच्या रोषापासून त्यांना जपण्याचं काम त्यांच्यावरच सोडता येत नाही.

घरगुती तक्रार किरकोळ मानली की काय होतं, हे सांगणारा आता पन्नास वर्षांहून जुना एक प्रसंग. देसाईगंज, म्हणजे वडसा, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. २६ मार्च १९७२ ला एका मजुराने ठाण्यात तक्रार दिली की आपल्या बहिणीला फूस लावून नेलं आहे. मुलगी एका तरुणाशी लग्न करू पाहत होती आणि भावाला ते पसंत नव्हतं. असे घरचे तंटे कुठल्याही ठाण्यात रोज येतात. रात्री नऊच्या सुमारास सगळ्यांना ठाण्यात आणलं, हेड कॉन्स्टेबलने जबाब घेतले. साडेदहाच्या सुमारास तो भावाला बहिणीच्या जन्मनोंदीची प्रत आणायला सांगून निघून गेला. त्याच्या दृष्टीने तपासातली महत्त्वाची गोष्ट ती नोंद होती. बाकीच्यांना बाहेर काढून पोलिसांनी मुलीला थांबवून घेतलं. दार लागलं, दिवे गेले. बाहेर नातेवाइकांनी ओरडा केला, लोक जमले आणि ठाणं जाळण्याची भाषा झाली. डॉक्टरांनी तिचं वय १४ ते १६ सांगितलं. दोन पोलिसांवर मुलीवरच्या अत्याचाराचा खटला चालला. १९७४ मध्ये चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने दोषी धरलं आणि १५ सप्टेंबर १९७८ रोजी ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. त्या मुलीच्या नावानेच देश हा खटला ओळखतो. मी ते नाव इथे लिहिलेलं नाही.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धगमवार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावण्यावर त्याच न्यायालयाने एप्रिल १९७८ मध्ये नंदिनी सत्पथी खटल्यात कठोर शब्दांत बोट ठेवलं होतं. देसाईगंजच्या निकालात त्याचा मागमूस का नाही, हा त्यांच्या प्रश्नांपैकी एक. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्काराला वेगळं स्थान आलं, संमती नव्हती हे बाईने सांगितलं तर न्यायालयाने तसं गृहीत धरावं अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात आली. देशाच्या कायद्याचा हा बदल वडशाच्या एका घरगुती तक्रारीतून सुरू झाला. म्हणून ‘किरकोळ तक्रार’ हा शेरा मला या दोन जिल्ह्यांत कुठेच ऐकवत नाही.

जादूटोण्याच्या संशयाचंही असंच होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द इथे भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या माणसांना, त्यात वृद्ध बायाही होत्या, चौकात बांधून मारलं. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात एक बाई आणि एक पुरुष यांना मारहाण करून जाळलं. पंधरा जणांना अटक झाली. अटक लगेच झाली हे खरं. पण असा संशय एका रात्रीत पिकत नाही. आधी कोणाचं लेकरू दगावतं, मग कुजबुज होते, शेजारणीशी बोलणं बंद होतं, वाळीत टाकण्याची धमकी येते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद केली ती याच टप्प्यासाठी. कुजबुजीच्या टप्प्यावर गावात पाय ठेवणारा जमादार हवा, आणि त्या फेरीची नोंद त्याच्या कामात धरली गेली पाहिजे.

गडचिरोली पोलिसांनी ‘दादालोरा खिडकी’तून दाखले, योजना, प्रशिक्षण दुर्गम गावांपर्यंत नेलं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो; अशा मुलखात हे काम छोटं नाही. पण जातीचा दाखला हे महसूल खात्याचं काम आहे, मार खाल्लेल्या बाईची फिर्याद हे ठाण्याचं. बंदुका थंडावत असताना हा क्रम सरळ करायला हीच वेळ योग्य आहे. ग्रामसभेचा ठराव घेऊन आलेल्या बायांना तारीख-शिक्क्याची पोच द्यावी. बीट जमादाराने पुढच्या ग्रामसभेत उभं राहून त्यावर काय केलं ते सांगावं. अर्जदार बाईच्या घरी महिन्याभराने पुन्हा जावं, शक्यतो महिला अंमलदाराने. आणि अधीक्षकांच्या मासिक बैठकीत किती लिटर ओतले याच्या आधी विचारावं, किती घरांतली विक्री तीन महिन्यांनंतरही बंद आहे. यातलं काहीही करायला मुंबईहून नवा शासन निर्णय यावा लागत नाही. जिल्हा अधीक्षकाचं एक परिपत्रक पुरतं.