‘यामातो’ची प्रतिकृती

अथांग सागरावर संचार करणारी प्रचंड युद्धनौका आपल्या टेबलावर आणून ठेवता येईल काय? प्रत्यक्ष नौका नव्हे, पण तिची हुबेहूब प्रतिकृती खचित आणता येते. अशा प्रतिकृतीचे सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटींना जोडलेले असून ते संचाच्या रूपाने विकत मिळतात. जपानमधील शिझुओका हे शहर या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे.

उदाहरणादाखल ‘यामातो’ ही जपानी युद्धनौका घेऊ. ती डिसेंबर १९४१ मध्ये नौदलात दाखल झाली. तिची लांबी २६३ मीटर होती आणि तिच्या ९ मुख्य तोफांच्या नळीचा व्यास ४६ सेंटिमीटर होता. १ : ७०० या प्रमाणात हीच नौका सुमारे साडेसदतीस सेंटिमीटर लांब होते आणि तिच्यावरील खलाशी अवघा अडीच मिलिमीटर उंच!

प्रमाण सांभाळणे हेच या कलेचे मर्म होय. डेकभोवतीचा कठडा अर्धा मिलिमीटर जाड केला, तर मूळ नौकेच्या मानाने तो ३५ सेंटिमीटर जाडीची भिंतच ठरेल. म्हणून कुशल कारागीर पितळेच्या अतिशय पातळ पत्र्याचा कठडा वापरतात. डोलकाठीच्या दोरांसाठी मात्र एक सोपी युक्ती आहे. उरलेल्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून किंचित दूर धरून तापवावा व मऊ होताच हलकेच ताणावा; केसासारखा बारीक धागा निघतो. हे काम वडील माणसांच्या देखरेखीखालीच करावे.

प्रथम सुटे भाग साबणाच्या पाण्याने धुवावेत, म्हणजे त्यांवरील तेलकटपणा जाऊन रंग नीट धरतो. मग ते एकेक कापून त्यांच्या कडा सॅंडपेपरने गुळगुळीत कराव्यात. प्लॅस्टिकसाठीचा खास चिकटद्रव कडांना किंचित विरघळवून एकजीव करतो. तेव्हा तो अगदी थोडा लावावा व खिडक्या उघड्या ठेवाव्यात. जेथे कुंचला पोहोचणार नाही, ते भाग जोडण्यापूर्वीच रंगवावेत. पाणरेषेच्या वरचे अंग करडे, तर खालचे तांबडे असते. मूळ नौकेवर हा खालचा रंग शंख-शिंपल्यांसारखे जीव बुडाला चिकटू नयेत म्हणून दिलेला असे.

पण कोणत्या वर्षीची ‘यामातो’ करावयाची? १९४४ साली तिच्या दोन्ही बाजूंचे तोफांचे मनोरे काढून तेथे विमानविरोधी तोफा बसविण्यात आल्या. याचाच अर्थ, हाती चिमटा धरण्यापूर्वी जुनी छायाचित्रे व नकाशे अभ्यासावे लागतात. अशा रीतीने हा छंद आपणांस इतिहासाकडे नेतो.

तो इतिहास करुण आहे. ७ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाकडे जात असता अमेरिकन विमानांच्या माऱ्याने ‘यामातो’ बुडाली. तिच्यावरील सुमारे ३,००० माणसे प्राणांस मुकली. तिच्या जन्मस्थानी, कुरे येथे, २००५ साली उघडलेल्या संग्रहालयात तिची २६.३ मीटर लांबीची प्रतिकृती ठेवलेली आहे.

डेकवर तो अडीच मिलिमीटरचा खलाशी उभा करताना हात क्षणभर थांबावा. नौकेचे सामर्थ्य तोफांवरून मोजता येते. युद्धाची किंमत मात्र माणसांवरूनच मोजावी लागते.