कातकामाचा छंद : लाकडाची आणि जुन्या हत्यारांची पारख

लाकूड यंत्रावर फिरते ठेवून त्यावर पटाशी धरायची आणि त्याला गोल आकार द्यायचा, या कामास कातकाम म्हणतात. ते करणारा तो कातारी. पलंगाचे खूर, पाळण्याचे कठडे, लाटणी, भोवरे ही त्याचीच निर्मिती. सावंतवाडी आणि कर्नाटकातील चन्नपट्टण या गावांनी लाखेच्या रंगीत खेळण्यांद्वारे या कलेला कीर्ती मिळवून दिली. अलीकडे विजेवर चालणारे छोटे लेथ उपलब्ध झाल्याने नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी कातकाम करणारे हौशी लोकही दिसू लागले आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांचा खर्च मात्र उलट्या दिशेने होतो. महागडे शिसव विकत आणले जाते आणि त्यावर स्वस्तातली, मऊ पोलादाची पटाशी चालविली जाते. माझ्या मते लाकडावर जवळजवळ काहीच खर्च करू नये. पैसा राखून ठेवावा तो पोलादासाठी.

लाकूड आपल्या अवतीभोवतीच पडलेले असते. सरपणाची वखार, सुताराच्या दुकानातील तुकड्यांचा ढीग, सॉ मिलमधील बाजूला टाकलेल्या फळ्या, बागेत छाटलेल्या पेरू-चिकूच्या जाड फांद्या, यांतून वर्षभराचे काम भागते. आंबा मऊ, शिकण्यास सोपा. मात्र त्याला भुंगा लवकर लागतो. बारीक छिद्रांतून पिठासारखी भुकटी पडत असेल तर तो तुकडा घरात आणू नये. बाभूळ कठीण व जड. ती ओली असतानाच कातणे सुखाचे. जुन्या वाड्यांच्या तुळया आणि मोडीत निघालेल्या बैलगाड्यांचे तुंबे यांचे मोल वेगळेच. त्यांतील लाकूड कित्येक दशके सुकलेले असते आणि त्यात पुन्हा वाकण्याची खोड उरलेली नसते. अशा लाकडात खिळे मात्र हमखास सापडतात. साग वा बाभळीच्या लाकडावर निळसर-काळा डाग दिसला, की आत लोखंड आहे असे समजावे. तरीही सर्व बाजूंनी लोहचुंबक फिरविल्याखेरीज ते यंत्रावर चढवू नये.

येथे कायद्याचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग ही झाडे स्वतःच्या शेतात असली तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार परवानगीविना तोडता येत नाहीत. शहरांसाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे. रस्त्याकडेचे झाड वादळात पडले म्हणून ते उचलणाऱ्याचे होत नाही. आधी नगरपालिकेत विचारावे.

फुकट मिळालेल्या लाकडाची किंमत वेळेच्या रूपाने द्यावी लागते. ओले लाकूड सुकताना वाढकड्यांच्या दिशेने जितके आकसते, ते गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या जवळजवळ दुप्पट असते. या ओढाताणीमुळेच अखंड गोल ओंडका गाभ्यापर्यंत चिरतो. म्हणून लाकूड मिळाल्याच्या दिवशीच ओंडका गाभ्यातून उभा चिरून त्याचे दोन भाग करावेत आणि टोकांना मेण किंवा उरलासुरला ऑइलपेंट फासावा, कारण पाणी सर्वांत वेगाने टोकांतूनच निसटते. जाडीच्या प्रत्येक इंचास एक वर्ष, असा सुकविण्याचा जुना ठोकताळा आहे. इतका धीर नसेल त्याने वाडगा ओला असतानाच जाडसर कातून ठेवावा. ८ इंच व्यासाच्या वाडग्याची भिंत पाऊण इंचाहून किंचित जाड असावी. दर आठवड्यास त्याचे वजन करावे. वजन घटणे थांबले की वाडगा पुन्हा यंत्रावर चढवून पुरा करावा. तोवर तो लंबगोल झालेला असतो, पण फाटत सहसा नाही.

चिरलेल्या लाकडाचा मोह आवरावा. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या १२ इंची लाकडाची कड ताशी सुमारे ८६ किलोमीटर वेगाने धावत असते. भेग असलेला तुकडा त्या वेगाने सुटला तर तो थेट चेहऱ्याकडे येऊ शकतो. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल ही म्हणूनच लेथच्या आधी घ्यावयाची वस्तू आहे.

आता हत्यारांविषयी. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईत चोर बाजार आणि दारूखाना आहेच. तेथे गंजाने भिऊन जाऊ नये, वरवरचा गंज तासाभरात निघतो. खोल खड्डे मात्र धारेपर्यंत पोचले असतील तर ते हत्यार सोडून द्यावे. गोल पटाशीची पन्हळ निदान २ इंच शिल्लक असावी. पोलाद कोणते, हे ठिणग्या सांगतात. विक्रेत्याच्या संमतीने मागचे टोक क्षणभर सहाणेच्या चाकाला लावावे. पांढऱ्या-पिवळ्या, फाटे फुटणाऱ्या भरपूर ठिणग्या उडाल्या तर ते साधे कार्बन पोलाद. मोजक्या, तांबूस, मंद ठिणग्या दिसल्या तर ते हायस्पीड पोलाद. कार्बन पोलाद टाकाऊ नव्हे. त्याला अतिशय तीक्ष्ण धार येते, मात्र धार लावताना ते वारंवार पाण्यात बुडवावे लागते. एकदा निळे पडले की त्या जागी ते मऊ होते. हायस्पीड पोलाद ही उष्णता सहज सोसते, म्हणून नवशिक्याने थोडे जास्त पैसे देऊन तेच घ्यावे.

जुन्या कानशीपासून केलेली पटाशी बाजारात पुष्कळ दिसते. ती घेऊ नये. कानस ठिसूळ असते, लाकडात अडकली तर काचेसारखी तुटते.

जुना लेथ घेताना पट्टा काढून दांडा हाताने हलवून पाहावा. तो डुगडुगत असेल तर बेअरिंग गेलेले आहे. मागचा ठोकळा पुढे सरकवून दोन्ही टोके परस्परांना भिडवावीत. ती नेमकी जुळली नाहीत, तर छिद्र कधीच मध्यावर पडणार नाही. दांड्याचे आटे प्रचलित मापाचे आहेत ना, हेही पाहावे. अन्यथा त्यावर बसणारा चक पुढे मिळत नाही.

मूठ कुजलेली असेल तर भाव पाडून घ्यावा आणि हत्यार खुशाल घ्यावे. बाभळीची, हाताला पेलेल अशी नवी मूठ कातणे हे लेथवरील पहिले काम म्हणून उत्तम.